शुगर, परहेज आणि परहेजगारी

नागपूरच्या मोमिनपुऱ्यात 'शुगर' म्हटले की साखर आठवत नाही, आजार आठवतो. साखरेला आपण शक्कर म्हणतो, चिनी म्हणतो. शुगर मात्र 'निघते', 'वाढते', 'लो होते'. 'अब्बांना शुगर निघाली', 'खालांची शुगर तीनशेवर गेली' ही वाक्ये लग्नात, मय्यतीत, दुकानाच्या ओट्यावर कुठेही ऐकू येतात, तीही सर्दी झाल्याचे सांगावे इतक्या सहज. मागे एकदा मी आठवीच्या वर्गात विचारले, "घरात कोणाकोणाला शुगर आहे?" अर्ध्याहून जास्त हात वर आले. मग विचारले, "शुगर म्हणजे काय?" एकच हात वर राहिला. उत्तर आले, "मिठाई खायची नसते."

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे शब्द उलटून पाहायची खोड आहे. मराठीत या आजाराला मधुमेह म्हणतात, म्हणजे मधासारखी लघवी. रुग्णाच्या लघवीला मुंग्या लागतात, हे आपल्याकडच्या प्राचीन वैद्यांनी टिपून ठेवले होते. उर्दूत आपण जियाबेतुस म्हणतो. हा शब्द मूळचा ग्रीक, अरबीतून आपल्याकडे आला. त्याचा अर्थ आरपार वाहून जाणे. पाणी प्यायचे आणि ते लगेच शरीरातून वाहून जायचे, असा. इब्न सीना (980–1037) यांनी 'अल-कानून' या ग्रंथात गोड लघवीचे वर्णन केले आणि या रुग्णांचे अवयव सडतात हेही नोंदवले.

दोन्ही नावे बाहेर दिसणाऱ्या लक्षणावरून पडली. अडचण अशी की लघवी वारंवार होणे, तहान लागणे, वजन उतरणे ही लक्षणे साखर बरीच वाढल्यावर दिसतात. त्याआधी कित्येक वर्षे हा आजार काहीही न सांगता शरीरात राहतो. आपल्याकडे आजाराची एकच ओळख आहे : दुखते का? दुखत असेल तर आजार, नाही तर तब्येत ठीक. मधुमेह नेमका इथेच आपल्याला फसवतो.

आत घडते ते असे. भात, रोटी, पोहे, बटाटा, फळ, काहीही खाल्ले तरी त्याच्या पिठूळ आणि गोड भागाचे ग्लुकोज होऊन ते रक्तात येते. पोटामागे स्वादुपिंड असते, उर्दूत त्याला लबलबा म्हणतात. ते इन्सुलिन सोडते आणि इन्सुलिनमुळे रक्तातली साखर पेशींच्या आत जाते. इन्सुलिन कमी पडू लागले किंवा शरीर त्याला दाद देईनासे झाले, की साखर रक्तातच साठून राहते. म्हणून 'मी तर मिठाई खातच नाही' याला फारसा अर्थ नाही. चहातली साखर बंद केली, पण त्याच चहाबरोबर चार टोस्ट आणि दुपारी परातभर भात तसाच राहिला, तर रक्ताच्या दृष्टीने फार काही बदललेले नसते. साखरेऐवजी गूळ किंवा मध घेतला, तरी रक्तात गेल्यावर त्याचेही ग्लुकोजच होते.

हा आजार आपल्याकडे किती पसरला आहे? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडिॲब' या पाहणीत देशभरातल्या 1,13,000 हून अधिक लोकांची तपासणी झाली. 2023 मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार देशात सुमारे 10 कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी 13 कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. याच पाहणीच्या पहिल्या टप्प्यात, 2011 मध्ये, महाराष्ट्राचा आकडा 8.4 टक्के होता. शहरात 10.9 आणि खेड्यात 6.5. म्हणजे हा फक्त श्रीमंतांचा आजार आहे, खेड्यातल्या कष्टकऱ्याला तो होत नाही, ही समजूत तेव्हाच मोडीत निघाली होती.

'तो तर काडीसारखा आहे, त्याला कशी शुगर?' हा प्रश्नही नेहमीचा. याचे उत्तर आपल्याच राज्यात सापडले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. त्यांना दिसले की आपली बाळे जन्मतः वजनाने कमी असतात, पण त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी तुलनेने जास्त असते. 2004 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांचे आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र आले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक सारखाच, 22.3. पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. बाहेरून दोघेही सडपातळ. आपली चरबी पोटात लपते आणि वजनकाट्यावर दिसत नाही.

आमच्या मोहल्ल्याचा इतिहास याला जोडून पाहावा. मोमिन म्हणजे विणकर. आमचे पूर्वज उत्तरेकडून आले, त्यांनी इथे हातमाग लावले, पुढे कित्येकजण 1877 मध्ये सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमध्ये लागले. दिवसभर हातपाय चालत, आणि त्या मेहनतीला पुरेल असे जेवण असे. माग गेले, मिल बंद पडली. आता कोणी दुकानाच्या गल्ल्यावर बसतो, कोणी ऑटोत, कोणी मोबाईल दुरुस्तीच्या टेबलापुढे. मेहनत गेली, पण ताटातली निहारी, खमिरी रोटी आणि बिर्याणी तेवढीच राहिली. त्यात तर्रीपोहे आणि दिवसाचे सहा चहा यांची भर पडली.

आता 'दुखत नाही' याचा अर्थ पाहू. वाढलेली साखर रक्तवाहिन्यांना आतून खराब करते. सर्वांत बारीक वाहिन्या आधी बिघडतात आणि त्या तीन ठिकाणी असतात : डोळ्याच्या पडद्यात, मूत्रपिंडात आणि नसांभोवती. डोळ्याचा पडदा खराब होत असताना नजर बराच काळ चांगलीच असते. अंधूक दिसू लागते तेव्हा नुकसान होऊन गेलेले असते. दोन मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात. ती निकामी होऊ लागल्याचे पहिले चिन्ह म्हणजे लघवीतून जाणारे थोडेसे प्रथिन, आणि ते फक्त तपासणीतच दिसते. मोठ्या वाहिन्या बिघडल्या की हृदयविकार आणि अर्धांगवायू. मधुमेहात तर हृदयविकाराचा झटकाही कधीकधी छातीत न दुखता येतो, कारण दुखणे कळवणाऱ्या नसाच बधिर झालेल्या असतात.

पायांचे काय होते, ते मी घरातच पाहिले. माझ्या थोरल्या मामूंना पंधरा वर्षांपासून शुगर होती. मे महिन्यातल्या एका शुक्रवारी ते जुम्याच्या नमाजला गेले. नागपूरचा मे म्हणजे पारा 45 अंशांपर्यंत जातो, दगडी फरशी त्याहून जास्त तापते. बाकीचे लोक चटके बसतात म्हणून उड्या मारत सावलीत गेले, मामू शांतपणे सहन ओलांडून आले. संध्याकाळी मुमानींनी पाहिले, दोन्ही तळव्यांना फोड आलेले. मामू म्हणाले, "अरे कुछ नहीं, दुखता तो है नहीं." त्यावर घरातलेच मलम लावले गेले. तीन आठवड्यांनी उजव्या पायाची दोन बोटे काढावी लागली. डॉक्टरांनी आम्हाला सांगितलेले वाक्य मी वर्गातही सांगते : शुगरच्या माणसाचा पाय दुखत नाही, ही चांगली नाही तर वाईट बातमी आहे.

गंमत म्हणजे पाय सांभाळण्याची सवय आपल्या दिवसातच बसवलेली आहे. डॉक्टर सांगतात, रोज पाय धुवा, बोटांच्या बेचक्यांत पाहा, तळवा पाहा. आपण वुजू करताना दिवसातून पाच वेळा पाय धुतो आणि बोटांमध्ये बोट फिरवून खिलाल करतो. त्यात फक्त दोन गोष्टींची भर घाला. एक, त्या वेळी पायाकडे नीट पाहा. चीर, फोड, रंगातला बदल, सूज दिसते का? तळवा दिसत नसेल तर आरसा धरा किंवा घरच्यांना दाखवा. दुसरी, वुजूनंतर बेचके कोरड्या कापडाने पुसा, कारण ओलसर राहिलेल्या जागेत बुरशी होते आणि तिथूनच जखम सुरू होते. जखमेवर पट्टी असेल तर पाणी न घालता पट्टीवरून मसह करण्याची मुभा शरियतने दिलेलीच आहे. आणि मशिदींच्या इंतजामिया कमिट्यांना विनंती : उन्हाळ्यात सहनमध्ये दरवाजापर्यंत चटई किंवा ताडपत्री अंथरा. कोणाचा तरी पाय त्यामुळे वाचेल.

बायकांबद्दल वेगळे लिहायला हवे, कारण त्यांच्या तपासणीचा नंबर घरात शेवटी लागतो. पुरुषाची शुगर हजला जाण्याआधीच्या तपासणीत किंवा मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी तरी कळते. घरातली बाई थकते, चक्कर येते, अंगावर खाज येते, जखम भरत नाही, तरी 'काम जास्त झाले' म्हणून विषय संपतो. पुन्हा रिश्त्याची भीती असते. मुलीला शुगर आहे हे कळले तर पैगाम येणार नाहीत, म्हणून गोळ्या पिठाच्या डब्यामागे लपवल्या जातात आणि सासरी गेल्यावर त्या बंदच होतात. इन्सुलिनवर असलेल्या मुलीच्या बाबतीत हे लपवणे जीवघेणे ठरू शकते. इन्सुलिन काही दिवस जरी थांबले तरी अशी मुलगी बेशुद्ध होऊन दवाखान्यात पोहोचते.

गरोदरपणातली शुगरही अशीच गुपचूप असते. सरकारी नियमांप्रमाणे प्रत्येक गरोदर बाईला पहिल्या भेटीत आणि पुन्हा 24 ते 28 आठवड्यांच्या दरम्यान 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासतात. आकडा 140 किंवा जास्त आला तर उपचार सुरू होतात. बाळंतपणानंतर तो आकडा खाली येतो आणि सगळे विसरून जातात. पण अशा बाईला पुढे मधुमेह होण्याचा धोका बराच जास्त असतो. तिने दरवर्षी तपासून घेतले पाहिजे.

तपासणीचे आकडे पाठ करायला सोपे आहेत. उपाशीपोटी 100 च्या आत ठीक, 100 ते 125 म्हणजे उंबरठा, 126 आणि वर म्हणजे मधुमेह. तिसरा आकडा एचबीए1सीचा. रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे 120 दिवस जगतात आणि तेवढ्या काळात त्यांना साखर चिकटत राहते. म्हणून ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब दाखवते. रिपोर्टच्या आधी दोन दिवस भात सोडून तिला फसवता येत नाही. 5.7 च्या आत ठीक, 6.5 आणि वर मधुमेह, मधले सगळे उंबरठ्यावरचे. निदान एकाच आकड्यावर न थांबता डॉक्टर ते पुन्हा तपासून नक्की करतात.

अम्मीला शुगर, मामूंना शुगर, म्हणून चव्वेचाळिसाव्या वर्षी मीही तपासून घेतले. माझा आकडा 6.1 आला. काहीही दुखत नव्हते, आजही दुखत नाही. उंबरठ्यावरून मागे फिरता येते, याचा पुरावा आहे. भारतात झालेल्या एका अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष 2006 मध्ये आले, नियमित चालणे आणि खाण्यातला बदल यांनी मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे 28 टक्क्यांनी कमी झाले. अमेरिकेत 2002 च्या अभ्यासात आठवड्याला 150 मिनिटे व्यायाम आणि वजनात 7 टक्के घट एवढ्यावर ते 58 टक्क्यांनी कमी झाले. मी फजरनंतर गांधीबागेत चालायला जाते. पहिल्या महिन्यात एकटी होते, आता मोहल्ल्यातल्या पाचजणी असतो. ताटात आधी भाजी आणि डाळ, मग भात. नागपूरला राहून संत्रे सोडायची गरज नाही. एक संत्रे सोलून खावे, चार संत्र्यांचा रस पिऊ नये.

ज्यांना औषध चालू आहे, त्यांनी कारले, मेथी, जांभळाच्या बियांची पूड घ्यायची तर घ्यावी, पण त्यासाठी गोळी सोडू नये. आणि इन्सुलिनची भीती सोडावी. 'इन्सुलिन लागले म्हणजे संपले' असे म्हणतात, तेव्हा मला 1922 चा जानेवारी आठवतो. टोरंटोमध्ये लिओनार्ड थॉम्पसन नावाचा चौदा वर्षांचा मुलगा मरणाच्या दारात होता. जगात पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले ते त्याला, आणि तो आणखी तेरा वर्षे जगला. इन्सुलिनने त्याचे आयुष्य वाढवले. दुसरी शंका आपल्या लोकांत दबक्या आवाजात विचारली जाते : इन्सुलिन डुकराचे असते ना? एके काळी ते डुकराच्या आणि गाई-बैलांच्या स्वादुपिंडातून काढत. 1982 पासून मानवी इन्सुलिन बाजारात आले. ते जिवाणू किंवा यीस्टच्या पेशींकडून बनवून घेतात. आज डॉक्टर नेहमी लिहून देतात ते इन्सुलिन याच प्रकारचे असते. शंका असेल तर डॉक्टरांना विचारावे, मनात ठेवून इंजेक्शन चुकवू नये.

राहिला रमजान. 2018 आणि 2019 मध्ये तो मे-जूनच्या उन्हाळ्यात होता, आता थंडीकडे सरकतो आहे, त्यामुळे 'आता तर रोजा सोपा आहे' असे मधुमेहीही म्हणू लागले आहेत. 2001 मध्ये 13 देशांतल्या 12,000 हून अधिक मधुमेही मुसलमानांचा अभ्यास झाला. टाइप 2 मधुमेह असलेल्यांपैकी सुमारे 79 टक्के लोक रोजे ठेवतात असे दिसले. याच लोकांत रमजानमध्ये साखर धोकादायक खाली जाण्याचे प्रमाण एरवीच्या साडेसात पट झाले होते. दुपारी चार वाजता घाम, हाताला कंप, धडधड, बोलण्यात गोंधळ, हा अशक्तपणा नसतो, साखर उतरलेली असते. वयस्कर माणसात तर ही लक्षणेही नीट दिसत नाहीत. तो थेट कोसळतो.

सगळ्याच मधुमेहींनी रोजा सोडावा असे डॉक्टर म्हणत नाहीत. आकडे काबूत असलेला, फक्त खाण्यावर किंवा सौम्य गोळ्यांवर असलेला माणूस बहुधा रोजा ठेवू शकतो. ज्याची मूत्रपिंडे बिघडली आहेत, ज्याची साखर नुकतीच फार खाली गेली होती, टाइप 1 असून ज्याची साखर काबूत नाही, गरोदर असून जी इन्सुलिनवर आहे, त्यांना धोका मोठा आहे. हे ठरवायला रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटावे, असे आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाची मार्गदर्शक सूचना सांगते. आपल्या हिशेबात याचा अर्थ सोपा आहे : रजबचा चाँद दिसला की डॉक्टरांची वेळ घ्या. गोळ्यांची वेळ आणि मात्रा सहर-इफ्तारप्रमाणे ते बदलून देतील, स्वतः बदलू नका. रोज्यात बोटाला सुई टोचून साखर पाहिल्याने रोजा तुटत नाही, यावर बहुतेक उलेमा सहमत आहेत. आकडा 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेला, तर इफ्तारला दहा मिनिटे उरली असली तरी रोजा सोडायचा. खाली गेला असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे.

'रोजा सोडला तर लोक काय म्हणतील, अल्लाहला काय तोंड दाखवू', हे अम्मीही म्हणायची. सूरह बकराच्या ज्या आयतींनी रोजा फर्ज झाला, त्याच आयतींनी आजाऱ्याला सूट दिली आहे. बरा होणारा नंतर कजा करील, कायमचा आजारी फिदिया म्हणून एका गरिबाला जेवू घालील. ही रुखसत देणाऱ्यानेच दिली आहे. ती घेतल्याने ईमान कमी होत नाही. हे मोहल्ल्यातल्या इमाम साहेबांनी शाबानमधल्या एका जुम्याला मिंबरवरून सांगितले, तर डॉक्टरांच्या दहा भाषणांपेक्षा जास्त असर होईल.

उर्दूत आजारातल्या पथ्याला आपण परहेज म्हणतो, आणि रोज्याचा हेतू म्हणून जो तकवा सांगितला आहे, त्याचा उर्दू अर्थ करतो परहेजगारी. एकच शब्द दोन्हीकडे आहे. ज्याला अंगातल्या अमानतीची काळजी आहे तो तिला वाचवण्यासाठी हात आवरतो, तेव्हा तोही परहेजच करतो. मग ते इफ्तारच्या दस्तरखानावर तिसरे भजे आणि शरबताचा दुसरा ग्लास परत ठेवणे असो, की डॉक्टरांच्या सांगण्यावरून रोजा न ठेवणे असो.

तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. या आठवड्यात घरातल्या तिघांना घेऊन जा, आणि त्यात घरातल्या बाईचे नाव पहिले लिहा. ज्यांना आधीच मधुमेह आहे, त्यांनी वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा, लघवीतले प्रथिन आणि पाय, या तिन्ही गोष्टी डॉक्टरांना आठवण करून तपासून घ्याव्यात. काही दुखत नसले तरीही.